भिवापूरचं पाचवं खातं

पोराला अमेरिकेत पाठवून मी मोठी हुशारी केली बुवा! मिरचीच्या धंद्यात कोणाला आकडा कळू न देणारा माणूस मी. पण आपल्याकडची रीत, खातं उघडलं की मुलाचं नाव सोबत जोडायचं. मीही सगळ्या खात्यांत निखिलचं नाव मोठ्या कौतुकानं घातलं.

परवा त्याचा फोन आला. बायकोनं स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी दोन्ही देशांत टॅक्स भरून राहिलो. इथल्या सरकारले भारतातलं माह्या नावाचं एकेक खातं सांगा लागते. किती हायेत?"

"चार," मी म्हणालो.

"नक्की? एक जरी सुटलं तं दंड माह्या बोकांडी बसंल."

"काहून घाबरतं गा? त्यांले सांगते कोण?"

"बँकच सांगते, बाबा."

बायको म्हणाली, "नीट आठवा ना! पोराचा सवाल हाय."

आठवायचं काय त्यात? हिच्यापासून लपवलेलं ते पासबुक गोदामात, पोत्यांच्या मागे होतं. घाम पुसत म्हणालो, "लिही बाबू, पाचवं बी हाय एक. भिवापूरले."

"भिवापूरले?" हा आवाज काही अमेरिकेतून आला नव्हता.

निखिलनं पाचही खाती कळवली, व्याजावरचा टॅक्स भरला, दंड टळला. अमेरिकेचं सरकार बिचारं तेवढ्यावर समाधानी आहे. हिनं मात्र पासबुकच जप्त केलं. तेव्हा मित्रहो, आजचा चहा तुमच्याकडून.