पियानोचा डावा हात

...नाही, सत्कार माझा, आणि मलाच विचारायचं नाही? तुम्हाला सांगतो, उभी हयात या जंगलात बातम्या वेचल्या, पुढाऱ्यांच्या तोंडावर प्रश्न फेकले, ठेकेदारांच्या शिव्या खाल्ल्या, आणि सत्त्याण्णव साली अहेरीकरांना माझी आठवण झाली तर वाजवायचं काय? पियानो! अहो, आख्ख्या जिल्ह्यात पियानो नाही! "गिटार है ना, भाऊ," मुश्ताक म्हणाला. मुश्ताक म्हणजे आमचा रेडिओ दुरुस्तीवाला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. नागपूरहून कुठल्याशा जर्मन बाबाची कॅसेट आणली आणि डोक्यात वारं शिरलं. "पियानोचा डावा हात मी, उजवा हात चैतूची बासरी. एकदम क्लासिकल!" चैतू म्हणजे पार जंगलातल्या गावचा, त्याच्याच ऑर्केस्ट्रातला बासरीवाला. अरे, पण दोन हातांच्या मधला माणूस कुठे गेला? सनईत काय वाईट होतं, मी म्हणतो!

बरं, डाव्या हाताचे सगळे सूर मुश्ताकला झेपेनात. मग काय केलं? बारीकसारीक सूर गाळून टाकले, जाड तारेवरचा एकच ठेवला. धुंम्म... चुप... धुंम्म... चुप... आणि वरून बासरी, जणू कोणी तोंडाला पदर लावून रडतंय! चैतू बोलला होता बरं का, "मुश्ताकभाऊ, हा ठोका मले बरा नाई वाटून राह्यला." तर हा म्हणतो, "अबे, विलायती आहे, तुले नाई समजत!" आणि भोंगा बांधला मोहाच्या झाडावर. वार बाजाराचा, ऊन उतरलेलं, गावोगावचे लोक मीठ-तेल घेऊन जंगलाच्या वाटेला लागलेले...

धुंम्म... चुप... धुंम्म...

आणि काय सांगू, माणसं परत फिरली! डोक्यावर टोपल्या, कडेवर लेकरं, मुकाट. ना रामराम, ना हसणं. माझा ऊर भरून आला हो! म्हटलं, ही खरी कमाई! स्टेजवर माझा फोटो, फोटोला झेंडूचा हार... हीही मुश्ताकचीच अक्कल! एकेक जण यायचा, फोटोपुढे मूठभर तांदूळ टाकायचा, बाजूला उकिडवा बसायचा. मी हात जोडतोय, माझ्याकडे कोणी बघेना! शेवटी चैतूच्या गावचे म्हातारे पत्रू आले. फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा फोटोकडे.

"चैतू, हे तं इथी बसून आहे. मंग गेला कोण?"

बासरी थांबली. तेव्हा, तेव्हा कुठे चैतूनं मला सांगितलं! त्यांच्याकडच्या गावांत माणूस गेला की ढोल असाच वाजतो. एक ठोका, चुप. एक ठोका, चुप. ज्याच्या कानावर पडेल त्यानं असेल तिथून परतायचं, मूठभर तांदूळ घेऊन. सनईत काय वाईट होतं हो!

मी उसळलो. मी कोणाच्या बापाला भितो का? "अहो, हे संगीत आहे! वाजवणारे जिवंत, मी जिवंत!"

पत्रू शांत. "ठोका रिकामा जात नाई, भाऊ. पडला म्हंजे कोणाचं तरी नाव लागते."

"घ्या नाव! ज्यानं हे रचलं तो मेलाय!"

"कधी?"

"झाली असतील दीडशे वर्षं!"

"त्याची माती केली?"

"केलीच असेल ना!"

"मंग त्याचं झालं. त्याले दुसऱ्यांदा कायले?"

आणि सगळ्या माना वळल्या... माझ्याकडे. मुश्ताक गिटारीला गवसणी घालत होता, मुंडी खाली. "भाऊ, फोटो तो आपकाही था..." सनईत काय वाईट होतं, सांगा ना!

घरी निघालो, तर सगळे मागून. एकानं माझी पिशवी घेतली, उतारावर कोणी कोपर धरलं. आयुष्यात कोणी इतकं जपलं नव्हतं, मला दरदरून घाम फुटला! दारात ओरडलो, "मला काही झालेलं नाही! जा घरी!" पत्रूंनी खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "रागावू नका, भाऊ. घाई नाई. बाजार तं दर हप्त्याले भरते. येताजाता पाहून जाऊ."

आणि येतात हो! फाटकाशी थांबतात. "बरं आहे, भाऊ?" "बरं आहे." मग तांदूळ पुन्हा गाठीला बांधतात आणि जातात. जराशी शिंक आली तर एकमेकांकडे बघतात! छातीत कळ आली तर सांगू कोणाला? मी आपला बाजाराच्या दिवशी दारातच खुर्ची टाकून बसतो. इतक्या लांबून येतात बिचारे, आणि मी नेमका भाजी आणायला गेलेलो असलो... तर माझं उरकूनच जायचे!