वापर शून्य

फेन्ना : नखाएवढं सोन्याचं पदक, कोटाला लावायचं. पेपरात फोटो. व्यायामशाळेच्या या नव्या दालनाच्या दारावर पितळी पाटी, तीत तुझं नाव पहिलं. आणि वार्षिक सभेत, चाळीस वर्षं व्यायाम मंडळाचा अध्यक्ष म्हणून, सगळे उभे राहून टाळ्या. मोजायचं काही राहिलं का, हाब्बो?

हाब्बो : चहा निवतोय तुझा. खडीसाखरसुद्धा अजून विरघळली नाही.

फेन्ना : निवू दे.

हाब्बो : पाटीवर सगळ्या कार्यकारिणीची नावं आहेत.

फेन्ना : वर्णानुक्रमे?

हाब्बो : पदाप्रमाणे.

फेन्ना : वाटलंच.

हाब्बो : रविवारी, प्रार्थनेच्या वेळेला, तू इथं पाटी वाचायला आलीस?

फेन्ना : जमीन बघायला आले. त्या काळ्या रबराखाली चार खड्डे होते. ते कुठं गेले?

हाब्बो : कालच्या श्रमदानात बुजवले. सिमेंट घातलं. नव्या नकाशात तिथं वजनांची रांग येते. आणि नकाशा तुझ्याच लेकीनं काढलाय, माझ्यावर काय डाफरतेस?

फेन्ना : त्या खड्ड्यांत समांतर दांड्या उभ्या होत्या.

हाब्बो : शाळेला दिल्या. कापून फुटबॉलच्या गोलाचे खांब करणारेत म्हणे.

फेन्ना : साडेतीन मीटर लांबीच्या. पक्षाघातानंतर माझा नवरा ओन्नो पहिल्या दिवशी त्यांच्यामधून एकदा गेला आणि घामाघूम होऊन बसला. या ऑगस्टात बावीस फेऱ्या मारायचा. आठवड्याचे तीन दिवस, पहाटे साडेपाचला. दार कुणाच्या किल्लीनं उघडायचा?

हाब्बो : तुला ठाऊक आहे.

फेन्ना : तुझ्या तोंडून ऐकू दे.

हाब्बो : माझ्या. झालं? पक्षाघाताच्या माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आत घ्यायचं नाही, असा विम्याचा नियम आहे. चिठ्ठीत आलं असतं, सोबत कुणीतरी हवं. आणि ओन्नोला सोबत नको. म्हणाला, तीस वर्षं बेटाच्या बोटीतून उतरणाऱ्यांना मी हात दिलाय, मला कुणी काखेत धरलेलं या गावानं बघायचं नाही. मग मी म्हटलं, ये बाबा. फक्त वहीत सही करू नकोस.

फेन्ना : उपकारच केलास. फुकटात होता, म्हणून मीही किंमत विचारली नाही.

हाब्बो : इस्पितळात आहेत की तसल्या दांड्या.

फेन्ना : चाळीस किलोमीटरवर. आणि तिथले त्याच्या वाट्याचे उपचारांचे दिवस गेल्या वर्षीच संपले. डॉक्टरीणबाई काय म्हणाली होती, तू होतास ना शेजारी? थांबलात तर पाय विसरेल. विसरलेला पाय पुन्हा शिकत नाही.

(वीबके, फेन्नाची मुलगी, मोजपट्टी आणि नकाशाची गुंडाळी घेऊन आत येते.)

वीबके : आई, तू इथं? बरं झालं. थांब, अशी दारात उभी राहा. समोर काय दिसतं?

फेन्ना : खिडकी. समुद्राचा बांध. त्याच्यावर मेंढ्या.

वीबके : बरोबर. आधी नवा माणूस आत आला की पहिल्यांदा आरशात स्वतःचं पोट दिसायचं, त्यामागे वजनं आपटणारे चार दांडगे. निम्मे तिथूनच परत. आता ट्रेडमिल खिडकीकडे तोंड करून. सोपी यंत्रं दाराजवळ, लाकडी आडोशामागे, म्हणजे सगळे आपल्यालाच बघतायत असं कुणाला वाटायला नको. जड वजनं टोकाच्या भिंतीला, तिथं जमीन पक्की आहे. आणि मधून सव्वा मीटरची सलग वाट. चाकाची खुर्चीसुद्धा जाईल.

फेन्ना : जाईल ना नक्की?

वीबके : आरामात.

फेन्ना : बरं आहे. कामाला येईल.

वीबके : म्हणजे?

हाब्बो : काही नाही गं. आई नकाशा समजून घेतेय.

फेन्ना : दांड्यांची जागा कशी मोकळी केलीस, तेवढं सांग.

वीबके : वहीवरून. दोन वर्षांच्या नोंदी चाळल्या मी. कोण आलं, किती वाजता, कशावर व्यायाम केला. इथली माणसं टॉवेल विसरतील, सही विसरणार नाहीत. दांड्यांपुढे एक नोंद नाही, वापर शून्य. नऊ चौरस मीटर नुसते अडलेले. तरी मी नकाशा दोन आठवडे फळ्यावर लावला होता, खाली हरकतींना जागा ठेवून. एकच हरकत आली, चहाची किटली फार लांब गेली म्हणून.

हाब्बो : ती माझ्या बायकोची.

वीबके : एक मात्र खटकलं होतं मला. उजवीकडची दांडी हाताच्या उंचीला अगदी गुळगुळीत झाली होती. चकाकत होती. मी काकांना विचारलंही.

फेन्ना : काका काय म्हणाले?

वीबके : सफाईवाली पुसते म्हणाले.

फेन्ना : ती सफाईवाली तुझा बाप आहे.

वीबके : बाबा बांधावर फिरायला जातात. दर रविवारी फोनवर सांगतात मला, आज दुसऱ्या फाटकापर्यंत गेलो.

फेन्ना : दहा फेऱ्या झाल्या की पहिलं फाटक. वीस झाल्या की दुसरं. खोटं बोलायचं तेही मापात.

वीबके : काका, तुम्हाला माहीत होतं?

हाब्बो : मी बोललो असतो तर सभेच्या इतिवृत्तात गेलं असतं, की अध्यक्षानं विम्याबाहेरच्या माणसाला किल्ली दिली. चाळीस वर्षांत माझ्या नावावर एक डाग नाही, पोरी. आणि ओन्नो काल स्वतः आला होता की श्रमदानाला. त्यानं तरी कुठं हरकत घेतली?

वीबके : खुर्चीवर बसून बोल्ट डब्यात टाकत होते ते. मी त्यांना म्हटलं, बाबा, हे जुनं लोखंड गेलं की बघा कसं मोकळं वाटेल. ते म्हणाले, सोळा आहेत, मोजून घे.

फेन्ना : सोळाच होते.

वीबके : मी बदलते. चटया भिंतीकडे सरकवल्या की अडीच मीटर निघतात. सुट्या दांड्या मिळतात, जमिनीत गाडायला नकोत.

हाब्बो : मंगळवारच्या बैठकीत ठेव. पण कुणासाठी ते लिहावं लागेल. आणि चिठ्ठी जोडावी लागेल.

वीबके : लिहू की.

फेन्ना : नाव लिहिलंस की तो या दारात येणार नाही. नाही लिहिलंस तर दांड्या येणार नाहीत. आणि तो काल घरी आला तो सरळ खणापाशी गेला. चाकाच्या खुर्चीचा अर्ज वसंत ऋतूपासून तिथं पडून होता. त्यावर सही केली.

वीबके : फाडून टाक तो.

फेन्ना : इकडे येताना टपालपेटीत टाकला मी.

वीबके : आई, का?

फेन्ना : त्यानं दिला टाकायला. आणि मी दमलेय, वीबके. दोन वर्षं पहाटे पाचला उठून त्याला इथं आणायचं, आणि आत पडला तर आवाज यावा म्हणून गाडीची काच खाली करून बाहेर बसायचं. थंडीत, दिवे बंद ठेवून. आत यायची परवानगी त्यानं मलाही दिली नव्हती. तुझा नकाशा लागला तेव्हा मी वाचला होता. पेन तिथंच दोरीला बांधलेलं होतं. हातात घेतलं, आणि सोडलं. म्हटलं, यंदाचा हिवाळा झोपून काढू.

हाब्बो : मग दोष काय एकट्या माझा?

फेन्ना : दोष सगळ्यांना पुरून उरेल, तू घाई करू नकोस. तुझी इभ्रत राहिली. हिचा नकाशा राहिला, आणि चांगला आहे, मी खोटं कशाला बोलू. माझी झोप राहिली. गावाला काही कळलं नाही, म्हणजे त्याची लाजसुद्धा राहिली. चौघांचं काही ना काही राहिलंच.

वीबके : आणि या सगळ्याची किंमत भरली कुणी?

फेन्ना : त्याच्या डाव्या पायानं. गेल्या महिन्यापासून त्याला पाणी गार की गरम ते कळायला लागलं होतं.