एकट्या मुलीची राखण

नेपल्समधली आमची गल्ली. पावाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी, नुन्झिया आणि इमा.

“अगं नुन्झिया, तुझ्या वरच्या खोलीतली ती परदेशी पोरगी! एकटीच फिरते, एकटीच जेवते. जिवाला घोर लागतो गं.”

“म्हणून तर काल माझ्या पोराला, चीरोला, तिच्या मागे धाडला. गुपचूप, लांबून. कुणी त्रास द्यायला नको.”

“अगं बाई! मीही माझ्या साल्वोला धाडला होता!”

“तरीच! दोन दांडगे मागे बघून ती थेट पोलीस चौकीत पळाली. दोघेही आत आहेत.”

“आणि ती?”

“आताच बॅग घेऊन स्टेशनवर निघाली. म्हणते, ही गल्ली धोक्याची आहे.”

“आपली गल्ली? आणि स्टेशनपर्यंत एकटीच?”

“एकटी कशी जाऊ देईन? माझा नवरा आहे ना मागे!”