सतरा नंबर

चिखल्याच्या थांब्यावर तुमसरची बस काही येत नव्हती, आणि पहिल्या पाळीतून सुटलेले दोन खाणकामगार काही गप्प बसत नव्हते. त्याच बसची वाट पाहणाऱ्या रीनाच्या अगदी शेजारी बसलेल्याच्या मांडीवर हेल्मेट होतं. त्यावर पांढऱ्या रंगात १७.

"भैय्यालाल, आपला प्रफुल्ल नागपूरच्या फुटबॉल क्लबात गेला."

"अफवा हाये, मंगरू. मागच्या पावसाळ्यात तुम्ही त्याले बालाघाटले धाडलं होतं. गेला का?"

"आता खरंच गेला. सकाळच्या गाडीनं. हेल्मेटही जमा केलं त्यानं."

"हेल्मेट जमा केलं?"

"सही करताना पाह्यलं मी."

"मंग गेलाच तो. जाऊ दे! असा पोट्टा इथं कायले सडन? तीन जनाले चकवून गोल मारे, अन् पडलेल्याले उठवाले वापस जाये."

"म्हंजे तुले राग नाही आला?"

"आला ना बे! सात वर्षं लाइनीवर उभा राहून बोंबललो त्याच्यासाठी, अन् भल्या मानसानं मले सांगतलं पन नाही."

"कोन्त्या तोंडानं सांगन तुले?"

"अन् आपला रिवाज? हेल्मेटचा नंबर, तोच जर्सीवर. तिथं त्याले त्याचा बावन्न नंबर कोन देते?"

"नाहीच देला. सही करता करता त्यानंच सांगतलं. क्लबवाले दुसरा कोन्ताही माग म्हने."

"मंग? कोन्ता मागतला?"

"सतरा."

बस आली. भैय्यालालनं मांडीवरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा नीट आवळला आणि तसाच बसमध्ये शिरला.