आईची सही

रेनेल : नाही करणार मी सही! पाच वर्षांत सरकारनं मला पहिल्यांदा तिची आई म्हणून बोलावलं, आणि ते कशासाठी? पोरीला मरू द्या, असं लिहून द्यायला?

व्हर्लीन : तसं नाही गं त्यात. श्वास अडकला तर पुन्हा घशात नळी घालू नका, एवढंच आहे. डॉक्टर म्हणतात, या वेळी घातली तर ती निघायची नाही.

रेनेल : मग तुम्हीच करा. डेल्फीला सांभाळलंत तुम्ही.

व्हर्लीन : माझी सही चालली असती तर तुला लुइव्हिलहून बसनं बोलावलं असतं का? पोरगी सरकारच्या ताब्यातली, मी नुसती सांभाळणारी. तिचे केस कापायचे तरी तुझी परवानगी हवी. तू सापडायची नाहीस, केस आपले वाढतायत. कमरेखाली आलेत.

रेनेल : लपतच होते मी. नशेच्या गोळ्यांच्या नादाला लागलेलं तोंड तिला काय दाखवायचं? आता दीड वर्ष शिवले नाहीये, मिस व्हर्लीन. बेकरीत लागलेय. पोरगी नेली तेव्हाच न्यायाधीश म्हणाले होते, दोन वर्षं गोळ्यांशिवाय काढ, मग पोरीचं बघू. सहाच महिने राहिले होते हो!

व्हर्लीन : खरं सांगू? मला वाटायचं, ही बया कधी सापडूच नये. डेल्फी माझीच राहू दे.

रेनेल : वाटणारच. ...तिला काय हवंय, ते सांगा. डॉक्टरांचं नको.

व्हर्लीन : मागच्या खेपेला नळी उपसू नये म्हणून तिचे हात खाटेला बांधले होते. तेव्हापासून नर्स दिसली की हात पाठीमागे लपवते. सहा वर्षांचं लेकरू.

(रेनेल हात पुढे करते.)

रेनेल : द्या तो कागद. ...कुठे करू?

व्हर्लीन : इथे. न्यायाधीशांची संध्याकाळी होईल. उद्या मी तिला घरी नेते. तूही चल.

रेनेल : मला आठवड्यातून एकच तास भेटायची परवानगी आहे. तीही कोणाच्या तरी देखरेखीखाली.

व्हर्लीन : देखरेख मलाच करायचीय. आणि मला घड्याळ कळत नाही, पोरी.