आण्णा निर्माते होतात

(फलटणजवळचं एक गाव. दुपार. ओसरीत फौजेतून निवृत्त झालेले हंबीरराव खुर्चीवर बसलेले. समोर त्यांची मुलगी शिवांजली उभी.)

शिवांजली : असं ताठ नाही बसायचं, आण्णा. निर्माते असे बसत नाहीत. जरा रेलून बसा.

हंबीरराव : फौजेत जन्म गेला ताठ बसण्यात. आता वाकायचं म्हंजे कंबर बोंबलंल. बरं, ह्ये बघ. रेललो.

शिवांजली : आता मोबाइल हातात घ्या. मी गोष्ट सांगताना मधनंमधनं त्यात बघायचं.

हंबीरराव : माणूस म्होरं उभं राहून बोलतंय आन् मी मोबाइल बघू? कुणी शिकवलं ह्ये?

शिवांजली : सांगलीत, आमच्या पटकथेच्या वर्गात. क्रांती मॅडमनी. त्या स्वतः मालिका लिहितात. म्हणाल्या, कागदावर कितीबी चांगलं लिहा, निर्माता वाचत बसत नाही. त्याला गोष्ट ऐकवावी लागते. नॅरेशन म्हणतात. त्यात त्याला फोन येणार, चहा येणार, तो मधेच उठून जाणार. आपण राग धरायचा नाही. जिथं थांबलो तिथनं पुढं सुरू करायचं.

हंबीरराव : त्यापरीस कीर्तनकाराचं बरं. माणसं डुलक्या घेत्यात, पर उठून जात न्हाईत.

शिवांजली : हसू नका. वर्गात सराव घेतला तेव्हा आमच्यातला आर्जव निर्माता झाला होता. त्यानं नुसतं फोनकडं बघितलं आणि माझं तोंडच बंद पडलं. उद्या साताऱ्यात खरा निर्माता ऐकणार आहे. पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलंय मला. उद्याबी तसंच झालं तर सगळं पाण्यात.

हंबीरराव : न्हाई हुणार. कर सुरू. ह्यो बघ, मोबाइलच बघतोय.

शिवांजली : आधी एका ओळीत गोष्ट. सुट्टीवर आलेल्या जवानाला त्याची तीन वर्षांची मुलगी ओळखत नाही, आणि सुट्टी संपायच्या आत त्याला तिचा बाप व्हायचंय.

हंबीरराव : हं.

शिवांजली : मोबाइल, आण्णा.

हंबीरराव : बघतोय की. कुठला हाय ह्यो जवान?

शिवांजली : असाच. कुठल्यातरी गावचा.

हंबीरराव : निर्मात्यानं इचारलं तर असाच म्हणून भागंल व्हय?

शिवांजली : बरं, आपल्या फलटणकडचा. पहिला सीन. पहाट. धो धो पाऊस. जवान एसटीतनं उतरतो.

हंबीरराव : फलटणला धो धो पाऊस? कवा बघितलास?

शिवांजली : पडद्यावर बरा दिसतो.

हंबीरराव : दिसू दे. आमी न्हाई बघितला कवा.

शिवांजली : मॅडमपण हेच म्हणाल्या. कागदावर पाऊस लिहिला की तिकडं टँकर मागवावा लागतो. आपण एक शब्द लिहायचा आणि सगळ्या युनिटनं भिजत राबायचं. असू दे, काढते पाऊस. जवान घरी येतो. दारात बॅग ठेवतो. आतनं त्याची लेक पळत येते आणि त्याच्या गळ्यात पडते.

हंबीरराव : ह्ये न्हाई पटलं.

शिवांजली : का?

हंबीरराव : आत्ताच म्हणलीस, पोरगी वळखत न्हाई. मग गळ्यात कशी पडंल?

शिवांजली : मनातनं ओळखते.

हंबीरराव : तीन वर्षांची पोर? निर्माता म्हणून सांगतो, ह्यो सीन खोटा हाय.

शिवांजली : आधी वेगळा लिहिला होता.

हंबीरराव : कसा?

शिवांजली : जाऊ दे ना, आण्णा.

हंबीरराव : शिवा, मोबाइल खाली ठेवला मी. सांग.

शिवांजली : आधी ती आईच्या पदराआड लपते. आणि विचारते, आई, हे पावणं कवा जाणार? मॅडम म्हणाल्या, तुझी सगळी गोष्ट ह्या एका वाक्यात आहे. पण मी काढलं ते.

हंबीरराव : का?

शिवांजली : मालिका लागली तर तुम्ही इथंच बसून बघणार. सगळा गाव बघणार. हंबीररावाच्या पोरीनं बापाला पावणा केला म्हणून हसणार.

हंबीरराव : तुला कुणी सांगितलं ह्ये? एवढीशी हुतीस तू.

शिवांजली : आईनं. म्हणाली, त्यांच्यापुढं काढू नको, त्यांना लय लागलं होतं.

हंबीरराव : लागलं हुतंच. न्हाई कशाला म्हणू? सुट्टीभर त्यो शब्द कानात हुता. पर गळ्यात पडलेली खोटी पोर बघण्यापरीस ते बरं. घाल परत.

शिवांजली : लोक हसले तर?

हंबीरराव : हसू देत. ज्यांची माणसं भाईर असत्यात, ते न्हाई हसायचे. आन् सुट्टी संपती तवा काय केलंस?

शिवांजली : निरोपाचा मोठा सीन आहे. स्टँडवर सगळा गाव जमलाय. एसटी निघते, मुलगी पप्पा पप्पा करत मागं धावते. जवान खिडकीतनं तिला सांगतो, बाळा, देश म्हणजे...

हंबीरराव : एसटीच्या खिडकीतनं भाषण?

शिवांजली : लांबलंय का?

हंबीरराव : मी निघालो तवा तू झोपली हुतीस. माझ्या दंडावर. त्या सुट्टीत पहिल्यांदाच अशी झोपली हुतीस. हात हळूच काढला. फौजी बुटाचा आवाज लय हुतो, म्हणून बूट हातात घेतले आन् भाईर कट्ट्यावर बसून घातले.

शिवांजली : हे आईनं नाही सांगितलं कधी.

हंबीरराव : तिला कुठं ठावं? ती आत भाकऱ्या बांधत हुती.

शिवांजली : घेऊ का हे?

हंबीरराव : लिवणारी तू. मला काय इचारतीस?

शिवांजली : तुम्ही निर्माते ना.

हंबीरराव : मग घे. पर त्याला रडायबिडाय लावू नको. आन् एक सांगू? मगाधरनं तू एकदाबी अडकली न्हाईस.

शिवांजली : खरंच की. पण आण्णा, ह्या सीनला एकसुद्धा संवाद नाही.

हंबीरराव : नसू दे. लेक एवढी गाढ झोपल्यावर कोण बोलतंय?