जहाजावरच्या कॉफीत जायफळ

सरोजिनी नगर मेट्रो स्थानकाच्या तपासणी-रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या सासू-सुनांचा संवाद मी येथे वाचकांपुढे, एक अक्षरही न बदलता, नम्रतापूर्वक सादर करीत आहे.

“देविका, माझं क्रूझचं तिकीट रद्द कर. तिथे माझ्यासारखी कॉफी मिळायची नाही.”

“आई, एका कॉफीसाठी? जहाजावर मशीन असते, बिल्कुल फर्स्ट क्लास.”

“मशीन जायफळ किसते का?”

“कॉफीत जायफळ कोण घालतं?”

“मी. आठ वर्षं रोज पितेस की.”

“अच्छा, त्यात जायफळ असतं?”

“तुला पत्ताच नाही?”

“तुम्ही मला कधी ओट्याजवळ येऊ दिलंत?”

“अगं, पण वास तर येत असेल.”

“येतो ना. मला वाटायचं, तुमच्या हातांना येतो.”

“माझ्या हातांना?”

“आई? करू का रद्द?”

“बारकी किसणी माझ्या बॅगेत टाक. आणि दोन जायफळं. तिथे दूध उकळतं मागू, किसायचं तू.”

“मी?”

“मग काय, मशीन? चल, पुढे सरक. रांग अडली आहे.”

आपण हे लक्षपूर्वक वाचलेत, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
बळवंत सोनू घोडके, पहाडगंज